खालच्या बॅटरीचा दिवा

दोर बांधून ओढत आणलेली जोंगा आमच्या गोहलपुरच्या वर्कशॉपसमोर उभी राहिली, तेव्हा दोर सोडायच्या आधीच मेश्राम काका खाली उतरले आणि म्हणाले, "पोरी, या वेळी दुरुस्त झाली असं म्हणू नको. काहून बंद पडून राहिली, ते सांग."

माझं नाव मित्रा. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गाडीच्या वायरिंगचं काम करते. आयटीआय केल्यावर अनेक वर्कशॉपवाल्यांनी मला काउंटरवर बसायचं काम देऊ केलं. नईम भाईंनी हातात टेस्टर दिला. त्यांचं वर्कशॉप लहान आहे, जीभ तिखट आहे, पण हाताखालच्या माणसाला विचार करायला वेळ देतात. तो वेळ मला दुसरीकडे कुठे मिळाला नसता. हा प्रसंग अशाच मिळालेल्या वेळाचा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमची घरं मूळची विदर्भातली. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आमचं हे जबलपुर इकडे, मध्य प्रदेशात राहिलं. आमचे आजोबा इथे संरक्षण कारखान्यांत आणि रेल्वेत लागलेले होते, ते इथेच राहिले. त्यामुळे घरात मराठी, दारात हिंदी. मेश्राम काका असेच कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले आणि मझौलीकडे थोडी जमीन घेऊन राहायला गेले. जोंगा ही लष्कराची जुनी जीप. आमच्या विहाराच्या मंडळाने ती लिलावातून घेतली आणि काका ती चालवतात. मझौलीच्या पलीकडे जंगलातलं एक गाव आहे. मध्ये नाला आहे, त्यावर पूल नाही. ऑटो तिथे जात नाही, बस तर नाहीच. त्या गावच्या मुली या जोंगात बसून मझौलीच्या शाळेत जातात.

आणि आता ती जोंगा बंद पडत होती. नाल्याच्या चढावर इंजिन दम तोडायचं, काका चावी फिरवायचे आणि 'टक' एवढाच आवाज यायचा. शेवटच्या वेळी मुलींनी चिखलात उतरून गाडी ढकलली. घरी पोचायला अंधार झाला. गावातल्या सुमेर नावाच्या एका बापाने सगळ्यांच्या वतीने काकांना सांगितलं, "दद्दा, एक बार और बंद हुई तो छोरियाँ नहीं जाएँगी."

मला त्या सुमेरचा राग आला होता. मी तसं बोललेही. मुलींची शाळा बंद करायला बापांना निमित्तच लागतं, वगैरे. माझं लहानपण पत्रकांत गेलं आहे. आमच्या घरी सभेची पत्रकं गठ्ठ्याने यायची, मी ती घड्या घालून वाटायची, आणि घड्या घालता घालता वाचायची. बोलताना माझा आवाज आपोआप सभेसारखा होतो.

काकांनी मला थांबवलं. "त्याच्यावर काहून चिडून राहिली? त्यानं गाडीवर भरोसा ठेवला होता. भरोसा गाडीनं तोडला."

हे बरोबर होतं. मी बॉनेट उघडलं.

या गाडीचं आधी कोणी काय काय केलं होतं, ते काकांनी सांगितलं. सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला धक्का देणारी मोटर, खोलून नवी केली होती. बॅटऱ्यांना किती चार्ज द्यायचा ते ठरवणारा रेग्युलेटर बदलला होता. एक बॅटरी सारखी पाणी पीत होती, ती बदलली. नवी आणली, तीही पाणी प्यायला लागली. तीही बदलली. प्रत्येक वेळी गाडी थोडे दिवस बरी चालायची आणि मग पुन्हा 'टक'. प्रत्येकाने शेवटी एकच सांगितलं होतं, जुनी गाडी आहे, असंच होणार.

या वाक्याची मला चीड आहे. जुन्या वस्तूबद्दल असो की माणसांबद्दल, 'असंच होणार' म्हणणारा माणूस तपासायचं टाळत असतो.

आपल्या नेहमीच्या गाड्यांत बारा व्होल्टची एक बॅटरी असते. ही जोंगा चोवीस व्होल्टची आहे. म्हणून हिच्यात बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडलेल्या आहेत. याला सिरीज म्हणतात. गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जी जोडलेली असते तिला आम्ही खालची म्हणतो. तिच्या डोक्यावर पाय ठेवून जी उभी असते ती वरची. दोघींची बेरीज चोवीस.

मी दोघींवर मिळून मीटर लावला. चोवीसच्या थोडं वर. उत्तम. इंजिन धक्क्याने चालू केलं आणि चार्जिंग पाहिलं. अठ्ठावीसच्या जवळ. तेही उत्तम.

नईम भाई मागून म्हणाले, "सब तो ठीक है. फिर मरीज मर काहे रहा है?"

"लीकेज असेल, भाई."

लीकेज म्हणजे गाडी बंद असताना कुठून तरी गुपचूप जाणारा करंट. घराला कुलूप लावलं आणि आत नळ थेंबथेंब गळतोय, तसं. ते शोधायची पद्धत सोपी आहे. बॅटरीची जाड केबल काढायची, केबल आणि बॅटरीच्या मध्ये मीटर लावायचा. गाडी बंद असून मीटर हलला, तर कुठेतरी गळती आहे. मी खालच्या टोकाला मीटर लावला. शून्य. वरच्या टोकाला लावला. शून्य.

"लीकेज नहीं है," नईम भाई म्हणाले. "पत्थर पे लिख ले."

काका स्टुलावर बसून सगळं बघत होते. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला बघत बसणं जमत नाही. ते दर थोड्या वेळाने उठून बोल्ट घट्ट करत होते, जे आधीच घट्ट होते.

"काका, बसा ना. तुम्ही बोल्ट तोडाल."

"बसून काय करू? तिकडे पोरी वाट पाहून राहिल्या. फूलवतीचा पेपर आहे उद्या." फूलवती ही त्या सुमेरची मुलगी. "तिचा बाप म्हणते, गाडी आली तर पाठवीन, आन गावात येऊन माझ्यासमोर बंद करून चालू केली तरच पाठवीन."

आता मला खरंच घाम आला. गाडी फक्त चालवून चालणार नव्हतं. ती बंद करून पुन्हा चालू व्हायला हवी होती.

जेवायची सुट्टी झाली. मी डबा उघडला, पण लक्ष त्या पाणी पिणाऱ्या बॅटरीत होतं. काकांना विचारलं, "पाणी कोणती पिते? वरची का खालची?"

"वरचीच. दोन्ही वेळा वरचीच बदलली. खालची चांगली आहे, तिला थेंबभर पाणी नाही लागत."

बॅटरी पाणी पिते याचा अर्थ तिला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळतोय, ती आतून उकळतेय. मग प्रश्न असा, एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोघींपैकी एकीलाच जास्त कसं मिळतं? चार्ज तर दोघींमधून सारखाच जातो. एकच उत्तर होतं. वरची आधीच भरलेली असते, म्हणून तिला ते जास्त होतं. खालची रिकामी असते, म्हणून तिला ते पुरत नाही. म्हणजे सगळ्यांनी जिला आजारी समजून दोनदा बदललं, ती धडधाकट होती. आजारी होती ती गप्प बसलेली शेजारीण.

डबा तसाच ठेवून मी हायड्रोमीटर आणला. ही काचेची नळी असते, वर रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा. बॅटरीतलं आम्लाचं पाणी ओढून घ्यायचं, काटा हिरव्यात तरंगला तर भरलेली, लालमध्ये बुडाला तर रिकामी. वरच्या बॅटरीत काटा हिरव्यात. खालच्या बॅटरीत काटा थेट लालमध्ये. मग मीटर एकेकीला वेगळा लावला. वरची तेराच्या जवळ, खालची बाराच्याही खाली. बेरीज केली की चोवीस आणि वर थोडं. रेग्युलेटर बेरीज बघतो. आधीच्या सगळ्या मेकॅनिकांनी बेरीज बघितली. सकाळी मीही बेरीजच बघितली होती. बेरीज बरोबर आली की आत उपाशी कोण आहे हे विचारायचं नाही, ही सवय फक्त गाड्यांची नाही.

पण खालची एकटीच रिकामी का होत होती? मी तिच्या टर्मिनलवरची धूळ पुसली. क्लॅम्पच्या खाली, निळ्या टेपने सुबक गुंडाळलेल्या दोन बारीक वायरी निघाल्या. एक प्लसवरून, एक मायनसवरून. दोन्ही खालच्याच बॅटरीच्या. दोन्ही चटईखालून पुढे, डॅशबोर्डकडे जात होत्या.

डॅशबोर्डवर बुद्धाची लहान पांढरी मूर्ती बसवलेली आहे. तिच्या मागे एक छोटा पिवळा बल्ब. तो सकाळपासून लागलेला होता. आम्ही सगळ्यांनी तो बघितला होता.

आता आमच्या वर्कशॉपचा एक नियम सांगते. नईम भाई म्हणतात, "डैशबोर्ड पर जो बैठा है वो मेहमान है. उसको हाथ नहीं लगाना." कोणाच्या गाडीत मातेची चुनरी असते, कोणाच्या गाडीत कुराणातली आयत लिहिलेली असते, कोणी लिंबू-मिरची बांधतो. कधीकाळी कुठल्या तरी मेकॅनिकने वायर शोधताना एक धागा तोडला होता आणि गल्लीत भांडण पेटलं होतं. तेव्हापासून हा नियम. मला तो पटत नव्हता, तरी मी पाळायची. त्या मूर्तीपर्यंत माझा हात कधी गेलाच नव्हता. आधीच्या कोणा मेकॅनिकचाही गेला नसणार.

"काका, ही वायर कोणी ओढली?"

"मीच," काका अभिमानाने म्हणाले. "पक्की आहे, नाही का? डायरेक्ट बॅटरीवरून. चावी बंद, इंजिन बंद, तरी दिवा बंद नाही. बल्ब बारा व्होल्टचा मिळाला, म्हणून एकाच बॅटरीवरून घेतला."

मी सांगितलं. सगळं सांगितलं. हा दिवा रात्रंदिवस एकट्या खालच्या बॅटरीचं रक्त पितो. वायर फक्त तिच्याच दोन टोकांना जोडलेली आहे, त्यामुळे करंट तिच्यातून निघतो आणि तिच्यातच परत येतो. गाडीच्या जाड केबलला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून मीटर शून्य दाखवत होता. आणि चढावर इंजिन मंद होऊन चार्जिंग थांबलं, की ठिणगीला करंट या उपाशी बॅटरीतूनच यायला हवा, तो येत नाही आणि इंजिन दम तोडतं.

काकांचा चेहरा बदलला. "एवढासा बल्ब? एवढ्या मोठ्या गाडीला एवढासा बल्ब बंद पाडते?"

"रोज थोडं थोडं, काका."

"नाही पटत. दुसरं काही असंल. पुन्हा पाहा."

"मग थोडा वेळ दिवा काढते, मीटर मध्ये लावते, तुम्हाला आकडा दाखवते."

"दिवा काढायचा नाही."

"काका..."

"सांगितलं ना! बसवल्यापासून तो दिवा विझला नाही. बल्ब बदलताना दुसरा आधी जोडून घेतो मी."

मग माझ्यातली सभा सुरू झाली. मी म्हणाले, विहारात दर रविवारी तुम्हीच आम्हा पोरांना समोर बसवून सांगायचे, की कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, जुनं आहे म्हणून मानू नका, आधी तपासा. मग इथेच काहून थांबून राहिले? ज्या बुद्धानं तपासायला शिकवलं, त्याच्याच दिव्याला तपासायचं नाही? हा कोणता न्याय?

मी मोठ्याने बोलले असणार, कारण शेजारच्या पंक्चरवाल्याने हवा भरायचं मशीन बंद केलं.

नईम भाई पुढे आले. मला वाटलं आता मला ओरडतील, नियम मोडला म्हणून. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "मित्रा, आवाज नीचे. बुजुर्ग हैं." मग आत गेले आणि स्कूटरची एक लहान बॅटरी घेऊन आले. "मेश्राम जी, ये लो. पहले इसको दिये से जोड़ देंगे. बाद में वो तार काटेंगे. दिया जलता रहेगा, लड़की अपनी जाँच भी कर लेगी. किसी का कुछ नहीं जाएगा."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी बरोबर होते, पण माझ्या बरोबर असण्यात काकांना उभं राहायला जागा नव्हती. नईम भाईंनी ती जागा केली. स्वतःचा नियम त्यांनी मोडला नाही आणि माझं कामही अडवलं नाही. त्यांची मी आजही आभारी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगितलं तर "चल, काम कर" म्हणतील, म्हणून इथे लिहिते.

काकांनी ती लहान बॅटरी हातात घेतली. उलटून पालटून बघितली. मग बॅटरी नईम भाईंना परत दिली.

"नको, नईम भाई. शुक्रिया. पण ज्याच्यावर शंका, त्यालाच वाचवून केलेली जाँच मी कारखान्यात कोणाला करू दिली नसती." मग माझ्याकडे वळले. "तू बोलली ते बरोबर बोलली. तिखट बोलली, पण बरोबर. फूलवती नाल्यात उभी राहिली आन माझा दिवा मस्त जळून राहिला, तर तो कोणासाठी जळून राहिला?"

ते गाडीत चढले. मूर्तीसमोर क्षणभर हात जोडले आणि मागून बल्ब स्वतःच्या हाताने फिरवून काढला.

मी मीटर मध्ये लावला आणि बल्ब पुन्हा खोचायला सांगितला. आकडा आला. काका चष्मा वर करून त्याच्याकडे बघत राहिले. तोंडातल्या तोंडात त्यांनी दिवसभराचा हिशोब मांडला, मग रविवारचा, मग शाळेच्या सुट्ट्यांचा. फिटर माणूस. पुढे मला काही समजवावं लागलं नाही.

"साला," ते म्हणाले, "मीच होतो होय!" आणि हसले. असं मोकळं हसणं मला अपेक्षित नव्हतं. गाडीची खोट स्वतःच्या हाताची निघाल्यावर बहुतेक गिऱ्हाइकं मेकॅनिकवरच ओरडतात. काका हसले, आणि त्या हसण्याने माझ्या आवाजातली सभा बसली.

दुरुस्ती साधी होती. दोन्ही बॅटऱ्या काढून वेगवेगळ्या चार्जरवर लावल्या. चार्जिंग सकाळपर्यंत चालणार होतं, म्हणून काका विजय नगरला भाच्याकडे मुक्कामाला गेले. दिव्यासाठी मी बारा व्होल्टचे दोन बल्ब एकापुढे एक जोडले, म्हणजे चोवीस झाले, आणि ती वायर दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून, चावीच्या स्विचमधून दिली. आता दोघी सारखा भार उचलतात, आणि चावी बंद केली की दिवाही बंद होतो.

सकाळी बॅटऱ्या बसवल्या. दोन्हींत काटा हिरव्यात. नईम भाई म्हणाले, "मित्रा, साथ जा. जिसका काम, उसकी गवाही." मी काकांच्या शेजारी बसले.

मझौली मागे पडली, डांबर संपलं, नाला आला. उतरताना पाणी अर्ध्या चाकांपर्यंत आलं. चढावर काकांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. गाडी वर चढली तेव्हा दोघांनीही श्वास सोडला, आणि सोडला हे एकमेकांपासून लपवलं.

गावात मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या. एकीच्या हातात पेपरचं पॅड होतं, ती फूलवती. तिच्यामागे सुमेर उभा होता, उंच, खांद्यावर गमछा. मी मनात त्याचं जे चित्र काढलं होतं तसा तो अजिबात नव्हता. मुलीच्या वेणीची रिबन सुटली होती, ती तो बांधत होता. गाठ त्याला जमत नव्हती.

"राम राम दद्दा. बंद करो."

काकांनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. दिवाही विझला. एक लहान मुलगी लगेच म्हणाली, "दद्दा, बत्ती बुझ गई!"

"बुझने दे बेटा," काका म्हणाले. "अब ऐसे ही बुझेगी."

सुमेरने हात वर केला. "चालू करो."

काकांनी चावी फिरवली. सेल्फने एका दमात इंजिन उचललं.

"फिर बंद करो."

बंद. चालू.

"एक बार और."

काका वैतागले. "अरे भाऊ, सेल्फ जाळशील!" हे ते मराठीत बोलले, पण सुमेरला कळलं असावं, कारण तो हसला. तरीही हात वरच ठेवला. काकांनी बंद केली, चालू केली. सुमेर गाडीभोवती एक फेरी मारून आला, बॉनेटवर हात ठेवला. मग मला विचारलं, "दीदी, तुमने बनाई?"

"दादाजी ने और मैंने. खराबी दादाजी ने पकड़ी," मी म्हणाले. शेवटचा आकडा त्यांनीच वाचला होता, त्यामुळे हे खोटं नव्हतं.

"रास्ते में बंद हो गई तो?"

मला 'होणार नाही' म्हणायचं होतं. पण काकांनी गाडी ओढत आणली तेव्हाच मला बजावलं होतं, की दुरुस्त झाली असं म्हणायचं नाही, कारण सांगायचं. मी सुमेरला बॅटऱ्यांचं खोकं उघडून दाखवलं. एक बॅटरी भरलेली होती, एक उपाशी होती, आणि का होती, ते सांगितलं. दोन बैलांच्या गाडीत एकालाच वैरण घातली तर काय होतं, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्याने ते मलाच सांगितलं.

मग तो मुलीकडे वळला. "जा, बैठ. पेपर अच्छे से लिखना."

फूलवती चढली. मागून बाकीच्या चढल्या. जागा उरली नाही, म्हणून मी मागच्या फाळक्यावर बसले, आणि नाल्याच्या पाण्याने भिजले.

फूलवती आता मझौलीत अकरावीला आहे. जोंगा अधूनमधून वर्कशॉपमध्ये येते. कधी हॉर्नसाठी, कधी वायपरसाठी. काका प्रत्येक वेळी हायड्रोमीटर मागून घेतात आणि दोन्ही बॅटऱ्या स्वतः तपासतात. मी मध्ये बोलत नाही.

दोन बॅटऱ्यांची गाडी असेल तर मीटर आधी एकेकीला लावावा, बेरजेला नंतर. आणि गाडीत जी वस्तू काढायला सगळेच कचरतात, तिची वायर सगळ्यांत आधी बघावी, मालकाला विचारून.